मेडिकलमधून ट्यूब आणायच्या आधी हे वाच

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत, पाऊस लागून राहिलाय, परवा जवाहर चौकात परत पाणी भरलं होतं पण आपल्या आळीत काही नाही त्यामुळे काळजी करू नकोस. आजी रोज विचारते तुझ्याबद्दल.

तू मेसेज केलास ना की आई, खाजेवर एखाद्या चांगल्या ट्यूबचं नाव सांग, त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं पण मुद्दाम दिलं नाही, कारण नुसतं नाव पाठवलं तर तू ते दुकानात दाखवणार, तो ते नसेल तर "हे घ्या, सेमच आहे" म्हणून दुसरंच काहीतरी हातात देणार, आणि मग पुढचे सहा महिने तू खाजवत बसणार. आमच्या ओपीडीत पावसाळ्यात येणाऱ्या खाजेच्या पेशंटपैकी किती जण असेच आलेले असतात ते मी रोज बघते, म्हणून एवढं लांबलचक टाइप करतेय, कंटाळा न करता शेवटपर्यंत वाच.

आणि पहिलं म्हणजे लाजू नकोस. जांघेत खाज आहे हे सांगायला तुला इतके दिवस लागले हे मला तुझ्या मेसेजवरूनच कळलं. बाप्ये माणसं ओपीडीत रांग संपेपर्यंत मागे थांबतात आणि मग हळूच म्हणतात सिस्टर जरा डॉक्टरांना सांगा ना, आणि तोवर नायटा पार मांडीच्या खाली आणि मागे कमरेपर्यंत पोचलेला असतो. घाम, ओलावा आणि घट्ट कपडे एवढं जमलं की बुरशी वाढणारच, त्यात तुझ्या चारित्र्याचा किंवा स्वच्छतेचा काही संबंध नाही, दिवसातून दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतो.

तू पाठवलेल्या फोटोत कड लाल आणि जराशी उचललेली दिसतेय, कडेला बारीक पापुद्रे आहेत आणि मधला भाग त्यामानाने फिका, साफ. असं गोल गोल पसरत जाणारं चट्टं म्हणजे बहुतेक नायटा, ज्याला हल्ली सगळे फंगल झालंय म्हणतात, आजी गजकर्ण म्हणेल. पण फोटोवरून मी बहुतेक एवढंच म्हणू शकते. स्किनचे डॉक्टर कडेचा पापुद्रा ब्लेडने हलकाच खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्यात बुरशीचे धागे दिसतात. अजिबात दुखत नाही आणि वेळही लागत नाही, ती टेस्ट करायची वेळ आली तर घाबरू नकोस.

आता त्या ट्यूबचं. तू लिहिलंयस की रूममेटने त्याच्याकडची ट्यूब दिली, लावली तर दोन दिवसात खाज गेली, लाली गेली, आणि बंद केल्यावर परत आली ती डबल. हे वाचूनच माझ्या पोटात गोळा आला. त्या ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय त्याचा मला फोटो पाठव. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल यातलं एक जरी नाव असलं तरी त्यात स्टिरॉइड आहे. बऱ्याच वेळा एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीचं औषध, जंतूंचं औषध असं तीन-चार औषधांचं मिश्रण असतं, म्हणजे निदान न करता काहीही असलं तरी लागू पडेल अशा हिशोबाने बनवलेलं. स्टिरॉइड काय करतं तर आपल्या शरीराची बुरशीशी लढायची जी ताकद असते तीच त्या जागेपुरती दाबून टाकतं. खाज आणि लाली ही त्या लढाईचीच लक्षणं, त्यामुळे ती लगेच कमी होतात आणि माणसाला वाटतं वा काय औषध आहे. खाली बुरशी मात्र जिवंतच, उलट आता तिला अडवणारं कोणी नाही म्हणून ती आरामात पसरते. निखाऱ्यावर राख टाकली म्हणून निखारा विझत नाही ना, तसं आहे हे.

आणि दुसरा वाईट प्रकार असा की स्टिरॉइड लावलेला नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. कड पुसट होते, गोलाकार राहत नाही, मधे मधे पुळ्या येतात, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ दिसतं. मग जनरल डॉक्टरही चकतात, ॲलर्जी म्हणून अजून स्टिरॉइड देतात.

एक पेशंट सांगते. रिक्षा चालवणारा तरुण पोरगा, तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसून घाम, जांघेत खाज सुटली, दुकानातून ट्यूब घेतली, बरं वाटलं, परत झालं, परत घेतली, असं वर्षभर. आमच्याकडे आला तेव्हा दोन्ही जांघांत गरोदर बाईच्या पोटावर पडतात तसे रुंद लालसर चरे पडलेले, कातडी इतकी पातळ की खालच्या शिरा दिसत होत्या. नायटा डॉक्टरांनी दोन-अडीच महिन्यांनी बरा केला पण ते चरे गेले नाहीत, जात नाहीत ते, कायमचे राहतात. त्याचं लग्न ठरलं होतं, तो सारखा तेच विचारायचा, हे जाईल ना सिस्टर. मला काय उत्तर द्यावं सुचायचं नाही. जांघ, काख, चेहरा या जागांची कातडी मुळातच पातळ, तिथे औषध जास्त शोषलं जातं, त्यामुळे नेमकं जिथे लोक ही ट्यूब लावतात तिथेच ती सगळ्यात जास्त नुकसान करते.

तू म्हणशील मग सरकार काही करत नाही का. केलंय थोडंफार. आयएडीव्हीएल म्हणजे आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, ते कितीतरी वर्षं यावर ओरडतायत. 2018 साली 14 स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम आला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने 328 कॉम्बिनेशन औषधांवर बंदी घातली त्यातही अशी काही मलमं होती. पण नियम कागदावर आणि दुकानाच्या काउंटरवर "जरा खाजेवर द्या" म्हटलं की अजूनही ट्यूब हातात. सगळेच असे नाहीत, चिठ्ठी मागणारे फार्मासिस्टही मला माहितीयत आणि मला त्यांचा मनापासून आदर आहे. पण तू नेमका कुठल्या दुकानात जाशील ते मला इथे बसून कसं कळणार.

हे इतकं मनावर घ्यायचं अजून एक कारण आहे. पूर्वी नायटा म्हणजे किरकोळ गोष्ट होती, साधं मलम दोन-तीन आठवडे लावलं की जायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात तो हट्टी झालाय. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी आहे, जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये ती वेगळी जात म्हणून नोंदवली, आणि ती मिळाली होती कुठे तर तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या अंगावर. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं नेहमीचं औषध, ते हिच्यातल्या बऱ्याच बुरशींना लागूच पडत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्याही अशा दोन बायकांची माहिती जाहीर झाली, त्यातली एक तर त्याआधी अलीकडे कुठे परदेशी गेलीच नव्हती. ही स्टिरॉइडची मलमं वाटेल तशी लावण्याचा यात मोठा हात असावा असं त्वचेच्या डॉक्टरांचं मत आहे. म्हणजे एका पोराने अर्धवट उपचार केला तर ते त्याच्यापुरतं राहत नाही, त्याच्या रूममधल्यांना होतं, घरी गेला की घरच्यांना होतं.

याचा अर्थ स्टिरॉइड म्हणजे विष असं मात्र डोक्यात घेऊ नकोस. एक्झिमाला, ॲलर्जीच्या पुरळाला, सोरायसिसला ते योग्य ताकदीचं, योग्य दिवस, डॉक्टरांनी बघून दिलेलं असेल तर तेच औषध आहे आणि तिथे घाबरून न लावणं ही चूक. तुझ्या मावशीच्या हाताला साबणाचा एक्झिमा होतो तेव्हा तिला तेच देतात आणि तिला गुण येतो. प्रश्न फक्त कशावर लावतोयस हा आहे.

तर आता काय करायचं ते सांगते. ती ट्यूब आजच बंद. थोडेच दिवस लावलीयस त्यामुळे बंद केल्यावर दोन-चार दिवस खाज उसळेल, लाल होईल, तेव्हा घाबरून परत लावू नकोस. कॉटनचा स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून पिळून त्या जागेवर दहा मिनिटं ठेव, मग कोरडं टिपून घे, चोळू नकोस. दिवसातून तीन-चार वेळा चालेल, रुमाल दुसऱ्या कशाला वापरायचा नाही आणि रोज धुवायचा. खाज असताना कढत पाणी ओतलं की दोन मिनिटं स्वर्ग वाटतो हे मला माहितीय, पण नंतर ती दुप्पट होते, कातडी कोरडी पडते, म्हणून आंघोळ कोमट किंवा गार पाण्याने आणि पटकन. पाण्यात ते जंतुनाशक लिक्विड टाकायची सवय असेल तर बंद कर, ओरखडलेल्या कातडीला ते झोंबतं आणि बुरशीला त्याने काही होत नाही. नखं आज कापून टाक. झोपेत खाजवलं जातं त्याला इलाज नाही पण नख नसलं तर जखम तरी होत नाही. खाजवलं की अजून खाज सुटते, कातडी जाड आणि काळी होत जाते, मग बुरशी गेली तरी त्या जाड कातडीची खाज राहते, हे चक्र सुरूच होऊ द्यायचं नाही. रात्री फारच झालं तर सेट्रिझिन दहाची एक गोळी झोपताना घे, पण ती बुरशीवरचं औषध नाही, नुसती झोप मिळावी म्हणून.

कपड्यांचं तर तुला शंभर वेळा सांगितलंय. भिजलेली जीन्स घालून लेक्चरला बसायचं नाही म्हणजे नाही. सैल कॉटनचे बॉक्सर, घरी आलास की लगेच बदल. रूममध्ये दोरीवर वाळत टाकलेली चड्डी पुण्याच्या पावसात दोन दिवस दमटच राहते, ती तशीच घालू नकोस, उलटी करून इस्त्री फिरव, शिवणीच्या जागी जरा जास्त वेळ. जांघेला वेगळा छोटा टॉवेल ठेव आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघ, पांढरं भिजल्यासारखं झालंय का, भेगा आहेत का, कारण बरेचदा बुरशी पायात असते आणि चड्डी घालताना तिथून वर चढते. तसं असेल तर आधी मोजे घालायचे आणि मग चड्डी. विचित्र वाटेल पण स्किनवाले डॉक्टर खरंच असं सांगतात. आणि टॉवेल, चादर, चड्डी, जिमची शॉर्ट कोणाशीही शेअर नको, मित्र कितीही जवळचा असू दे.

मलम म्हणशील तर डॉक्टरांकडे जाईपर्यंत फक्त क्लोट्रिमाझोल किंवा ल्युलिकोनाझोल एवढंच नाव असलेलं, त्यात दुसरं काहीही मिसळलेलं नसलेलं. एकच नाव. चट्ट्यावरच नाही तर कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर चांगल्या कातडीवरही लावायचं, बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. दिसायचं बंद झालं तरी अजून किमान दोन आठवडे. पण तुझं आधीच स्टिरॉइड लावून झालंय आणि दोन्ही बाजूला पसरलंय म्हणजे नुसत्या मलमावर जाईल असं मला वाटत नाही, पोटातून गोळी लागेल. ती कुठली, किती दिवस हे डॉक्टरच ठरवतील, मी फोनवर सांगणार नाही. इट्राकोनाझोल कॅप्सूल दिली तर ती भरल्या पोटी घ्यायची आणि मेसच्या जेवणाने होते म्हणून तू जी ॲसिडिटीची गोळी घेतोस ती बरोबर घ्यायची नाही, पोटात आम्ल नसेल तर ती नीट शोषली जात नाही, हे डॉक्टरांना आपणहून सांग. या आठवड्यातच जा. ससूनला स्किनची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ, एक लेक्चर बुडलं तरी चालेल. प्रायव्हेटमध्ये जायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, बाबा पैसे पाठवतील. उपचार महिना-दीड महिना चालेल, म्हणजे गणपतीला येशील तेव्हा गोळ्या चालूच असतील, त्या बॅगेत टाकायला विसरू नकोस, नाहीतर गावी आल्यावर पाच दिवस बंद आणि परत पहिले पाढे.

तुझ्या रूममेटचं तू जे लिहिलंयस ते मला वेगळं वाटतंय. त्याला रात्रीच जास्त खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या, आणि शेजारच्या रूममधल्या दोघांनाही तसंच. ही खरूज असू शकते. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक, तो कातडीत बोगदा करून अंडी घालतो. त्याला परमेथ्रिन पाच टक्क्यांचं मलम लागतं, मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे, नखांच्या खालीसुद्धा, रात्री लावून सकाळी धुवायचं आणि आठवड्याने परत एकदा. पण मुख्य म्हणजे रूममधल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. एकट्याने लावलं तर पंधरा दिवसात परत बाकीच्यांकडून येतं. त्या दिवशी चादरी, कपडे कढत पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर तो किडा दोन-तीन दिवसांपेक्षा फार जगत नाही. आणि हे सगळं नीट केल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहते, ती मेलेल्या किड्यांची ॲलर्जी असते, म्हणून दर दोन दिवसांनी परत परत मलम फासू नका. त्यालाही तुझ्याबरोबर ओपीडीत ने, एकाच केसपेपरच्या रांगेत दोघांचं काम होईल.

आजीने मागे बसून हे वाचलं आणि म्हणाली त्याला आमसुलाचं पाणी लावायला सांग. तर आजीचं आमसूल पित्तावर आहे. अंगावर पित्त उठतं ना, गांधी येतात, एका जागी उठून तासा-दोन तासात विरतात आणि दुसरीकडे उठतात, त्यावर आमसूल भिजवलेलं पाणी लावलं की गारवा मिळतो, करायला हरकत नाही. पण पित्ताबरोबर ओठ, जीभ, डोळे सुजायला लागले, आवाज घोगरा झाला, श्वास घ्यायला त्रास, उलट्या, चक्कर असं काहीही झालं तर आमसूलही नाही आणि सेट्रिझिनही नाही, 108 ला फोन, किंवा जवळच्या हॉस्पिटलला रिक्षाने, त्याच मिनिटाला. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं आणि उशीर झाला तर माणूस हातचा जातो. हे तुझ्या सगळ्या मित्रांना सांगून ठेव.

आणि बिब्बा कोणी सांगितला तर हात जोड. गावाकडे अजूनही नायट्यावर बिब्ब्याचं तेल लावणारे आहेत. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, डाग पडतो, आणि काहींना तर ॲलर्जी होऊन अंगभर उततं. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले, इथे काजू सोलणाऱ्या बायकांचे हात त्या डिंकासारख्या तेलाने कसे सोलवटून निघतात ते तू लहानपणापासून बघितलंयस. लसूण घासणं, लिंबू, चुना, यातलंही काही नको, उघड्या कातडीला ती सगळी जाळतात. कडुनिंबाच्या पाण्याची आंघोळ चालेल पण त्याने बुरशी जाईल या आशेवर थांबू नकोस. खोबरेल तेल कोरड्या कातडीला उत्तम, थंडीत हातापायांना खाज सुटते तेव्हा आंघोळीनंतर अंग जरा ओलसर असतानाच लाव, पण जांघेत नको, तिथे आपल्याला कोरडं ठेवायचंय. घामोळ्याला गार पाणी, पंखा, सैल कपडे आणि कॅलामाइन लोशन पुरे होतं.

टेकडीवर फिरायला जातोस तिथे गाजरगवत माजलेलं असेल आता. 1955 च्या सुमाराला भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच. त्याची ॲलर्जी झाली की पापण्या, मान, कोपराची आतली बाजू अशी उघड्या जागी खाज येते, कपड्याखाली नाही. शॉर्ट घालून त्या गवतातून जाऊ नकोस, उपटायच्या श्रमदानाला गेलास तर हातमोजे आणि फुल बाह्या.

आता काही गोष्टी अशा आहेत की त्यात मला विचारायलासुद्धा थांबायचं नाही. ताप आणि अंगावर पुरळ एकत्र आलं तर त्याच दिवशी डॉक्टर, पुण्यात पावसाळ्यात डेंग्यू असतो. पुरळावर काचेचा पेला दाबून बघ, दाबल्यावर फिकं न होणारे लाल-जांभळे ठिपके असतील तर रात्र असली तरी हॉस्पिटल. तापाला फक्त पॅरासिटामॉल, अंगदुखीची दुसरी कुठलीही गोळी नाही. एखादी नवीन गोळी सुरू केल्यावर, मग ती अँटिबायोटिक असो, फिटची असो की पेनकिलर, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी दुखायला लागली, सोलायला लागली तर ती गोळी तिथल्या तिथे बंद आणि सरळ मोठं हॉस्पिटल, यात वाट बघायची नसते. खाजवलेल्या जागी गरम लागतंय, सूज, पू, लाली दिवसागणिक पसरतेय, ठणका आहे, म्हणजे आत जंतू गेलेत, तिथेही थांबायचं नाही.

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आले आणि आग आग झाली तर ती नागीण. तिची दोन टोकं जुळली की माणूस मरतो असं आपल्याकडे अजून म्हणतात, आणि मग काव लावून घेत, उतरवून घेत चार दिवस घालवतात. ती कांजिण्यांच्याच विषाणूची असते, टोकं जुळण्याशी काही संबंध नाही, पण तिच्यावरची गोळी पहिल्या बहात्तर तासांत सुरू झाली तर खूप फरक पडतो आणि नेमके तेच तास लोक उतरवण्यात घालवतात. कपाळावर किंवा डोळ्याजवळ आली तर डोळ्यालाही धोका. तुमच्या वयात कमी दिसते पण तुमच्या मेसच्या मावशींना झाली तर सांगायला उपयोगी पडेल. आणि खाज न येणारा, फिकट, ज्यावर स्पर्श कळत नाही असा चट्टा कोणाच्या अंगावर दिसला तर त्याला सरकारी दवाखान्यात पाठव, कुष्ठरोग असेल तर औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरा होतो. पुरळ काहीच नाही आणि तरी आठवडेच्या आठवडे अंगभर खाज, हेही डॉक्टरांना दाखवायचं, कधी लिव्हर, किडनी, थायरॉइडचं काही असतं.

डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब बरोबर ने, फेकू नकोस, त्यांना बघू दे काय लावलं होतं. कधीपासून, किती वेळा लावलं ते खरं सांग. त्या सकाळी चट्ट्यावर कुठलंही मलम लावू नकोस म्हणजे त्यांना नीट दिसेल. दर रविवारी एकाच उजेडात फोटो काढून ठेव, कड मागे सरकतेय की पुढे ते त्यावरून कळतं, मला नाही पाठवलास तरी चालेल, पण डॉक्टरांना पुढच्या वेळी दाखव.

बाबा शनिवारी एसटीच्या पार्सलने पिशवी पाठवतायत, त्यात कॉटनच्या सहा चड्ड्या, तीन लहान टॉवेल आणि दोन चादरी आहेत. खालच्या डब्यात कुळथाचं पीठ आहे. स्वारगेटला जाऊन घेऊन ये, पिशवी पावसात भिजू देऊ नकोस.

तुझी
आई

ता.क. सेट्रिझिन घेतलीस तर दुसऱ्या दिवशी सकाळी जरा गुंगी राहू शकते, तसं वाटलं तर गाडी काढू नकोस, बसने जा. आणि दोन गोळ्या एकदम घेऊ नकोस.